रूम पार्टनरसह प्रथम वर्ष : सूचना व कलमे

प्रस्तुत सूचना एमबीबीएसच्या प्रथम वर्षाला नव्याने दाखल झालेल्या, हॉस्टेलवर राहणाऱ्या आणि ‘माझं काहीच झालं नाही रे’ असं म्हणणारा रूम पार्टनर नशिबी आलेल्या विद्यार्थ्यांसाठी आहेत. आपल्या खोलीत असं कोणी नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी आपल्या पार्टनरला विचारून खात्री करावी.

कलम १. पार्टनर ओळखणे

टेबललॅम्पचा उजेड नेमका आपल्या डोळ्यांवर येईल अशा कोनात ठेवतो तो पार्टनर. पहाटे चारचा गजर लावतो आणि आपण उठून बसेपर्यंत वाजू देतो. आमचा लातूरचा आहे. तिथल्या क्लासांतून तावून सुलाखून निघाल्यामुळे झोप ही त्याला चैन वाटते. त्याच्या बोलण्याचा अर्थ लावायला शिकणे हे पहिल्या टर्मचे मुख्य काम समजावे. ‘काहीच झालं नाही’ म्हणजे अप्पर लिंब दोनदा झालं आहे, तिसऱ्यांदा व्हायचं आहे. ‘वरवर वाचलंय’ म्हणजे एम्ब्रिऑलॉजीसकट झालं आहे. ‘पास झालो तरी बास’ असं म्हणाला की त्या विषयात तो पहिला येणार हे धरून चालावे आणि शांतपणे जेवायला जावे. मेसमध्ये उशिरा गेलं की भाजीतला रस्साच उरतो.

कलम २. पुस्तके

‘ग्रे’ज अ‍ॅनाटॉमी’ स्वतःच्या पैशाने घेऊ नये. वडील कौतुकाने घेऊन देत असतील तर नाही म्हणू नये. शेल्फात शोभून दिसतं. वाचायचं चौरसियाच, आणि तेही सिनिअरकडून आलेलं. नव्या प्रतीत नुसता मजकूर असतो, जुन्या प्रतीत व्हायवाला काय विचारतात त्यावर लाल पेनाच्या खुणा असतात.

ग्रे वाचलं नाही तरी त्याची एक गोष्ट पाठ असू द्यावी. पहिली आवृत्ती १८५८ सालची. मजकूर हेन्री ग्रेचा, पण पुस्तकाचं नाव झालं ते चित्रांमुळे, आणि ती सगळी काढली हेन्री व्हॅनडाइक कार्टरने. शीर्षकपानावर त्या बिचाऱ्याचं नाव ग्रेच्या नावापेक्षा बारीक टाइपात छापलं. त्याच साली कार्टर मुंबईला आला, ग्रँट मेडिकल कॉलेजात अ‍ॅनाटॉमी शिकवू लागला आणि पुढे काही वर्षं साताऱ्याला सिव्हिल सर्जन होता. मी साताऱ्याचा. पार्टनरने लातूर पॅटर्नचं गुणगान सुरू केलं की मी कार्टर काढतो. परीक्षेत याला शून्य मार्क आहेत.

कलम ३. डिसेक्शन हॉल

पहिले काही दिवस फॉर्मॅलिनने डोळ्यांतून घळाघळा पाणी येतं. ते भावनेचं आहे असं घरी फोनवर सांगू नये, आई घाबरते. कॉन्टॅक्ट लेन्स घालू नये, जागा शक्यतो खिडकीकडची धरावी. टेबलाभोवती गर्दी असते. त्यातला एक जण कनिंगहॅमचं मॅन्युअल मोठ्याने वाचतो, एकाच्या हातात फोर्सेप्स असतो, उरलेले मान उंचावून ‘दिसली का, दिसली का’ विचारतात. नर्व्ह शोधताना हाती लागलेला पांढरा धागा तुटला तर तो फॅसियाच होता असं म्हणावं. नर्व्ह तुटली तरी हेच म्हणावं. सर टेबलाशी येण्याआधी दोन टोकं शेजारी शेजारी ठेवून द्यावीत.

पार्टनर आपल्याच टेबलावर असल्यास आपण काहीही शोधू नये. सापडायच्या आधीच तो तिचं नाव, फांद्या आणि ती कुठला स्नायू हलवते ते सांगून मोकळा होतो.

इथे विनोद जरा बाजूला ठेवतो. पहिल्या दिवशी देहासमोर उभं राहून शपथ घ्यावी लागते, ती ओठ हलवून उरकू नये. महाराष्ट्रात १९४९ च्या कायद्याने बेवारस आणि दान केलेले देह कॉलेजांना मिळतात. आमच्या टेबलावरच्या बाबांच्या डाव्या तर्जनीच्या नखावर मतदानाच्या शाईची रेघ होती. पार्टनर मीडियन नर्व्हच्या फांद्या घडाघडा म्हणत होता, तो मध्येच थांबला. नंतर कोणी सांगितलं नव्हतं तरी त्याने तो हात हलकेच सरळ करून ठेवला.

आणि हो, फॉर्मॅलिनने सडकून भूक लागते. लाज वाटते, पण लागते. हात तीनदा धुवूनही वास जात नाही, म्हणून वडापाव कागदात धरून खावा. डिसेक्शननंतरच्या कॅन्टीनच्या वडापावाइतकं चविष्ट काही मी अद्याप खाल्लेलं नाही.

कलम ४. अ‍ॅप्रन

घालून बसस्टॉपवर जाऊ नये. पहिल्या आठवड्यात माफ.

कलम ५. रक्त

फिजिऑलॉजीच्या प्रॅक्टिकलला रक्त लागतं आणि ते आपलंच लागतं. अनामिकेच्या टोकाला बाजूने टोचावं, मधोमध जास्त दुखतं. स्पिरिट वाळू द्यावं, नाहीतर थेंब पसरतो. पहिला थेंब पुसून टाकावा. मग साहलीच्या पिपेटने २० मायक्रोलिटरच्या खुणेपर्यंत ओढायचं. मध्ये बुडबुडा शिरला तर पुन्हा पहिल्यापासून. पुढे अ‍ॅसिडमध्ये ते तपकिरी होतं, त्यात थेंब थेंब पाणी घालत शेजारच्या काचेच्या रंगाशी जुळवायचं. रंग जुळला की नाही हे डोळे ठरवतात, रीडिंग मात्र शेजारच्या बाकावरची मुलगी ठरवते. त्यामुळे अख्ख्या बॅचचं हिमोग्लोबिन थोड्याफार फरकाने सारखं असतं.

आमच्या पार्टनरला क्लॉटिंगचे सगळे फॅक्टर क्रमाने पाठ. हातात लॅन्सेट दिल्यावर मात्र तो प्रॅक्टिकल संपेपर्यंत स्वतःच्या बोटाकडे पाहत बसला. शेवटी मान पलीकडे वळवून म्हणाला, ‘तूच टोच.’ टोचलं. त्या वर्षातला माझा सर्वोच्च आनंद इथे नोंदवून ठेवतो.

कलम ६. फुकटचे मॉडेल

आपला देह सोबतच असतो, तो वापरावा. अंगठा ताणून वर केला की मनगटाशी एक खळगा पडतो, त्याला स्नफबॉक्स म्हणतात. तिथे हलकं बोट ठेवलं की रेडियल आर्टरीचे ठोके लागतात, आणि तळाशी हाताला लागतं ते स्कॅफॉइड. मांडी घालून बसण्यात सार्टोरियसचा हात असतो. अंगातला सगळ्यात लांब स्नायू तो. लेक्चरला डुलकी लागत असेल तर स्वतःचा मास्टॉइड चाचपत बसावं. सरांना वाटतं, मुलगा विचार करतोय.

कलम ७. नातेवाईक

प्रवेशाची पेढ्यांची पाकिटं वाटून होण्याआधीच आत्या गुडघा पुढे करते. तिला क्रुशिएट लिगामेंट्स, दोन्ही मेनिस्कस, झाडून सगळ्या बर्सा सांगाव्यात. गुडघ्याबद्दल आपल्याला एवढंच येतं. गोळी कुठली द्यायची ते येत नाही, आणि ते कबूल करायला जड जातं. तरी ‘ऑर्थोच्या डॉक्टरांना दाखव’ हे शेवटी सांगायचंच.

पार्टनरला मात्र जमत नाही. रविवारी त्याच्या आईचा फोन येतो, तिला शुगर आहे. ती रिपोर्टमधले आकडे वाचून दाखवते आणि विचारते, काळजीचं आहे का रे? तो इन्सुलिनचा रेणू कागदावर काढू शकतो. गॅलरीत जाऊन हळूच म्हणतो, ‘आई, मला अजून काहीच येत नाही गं.’ त्याचं हे वाक्य फक्त रविवारीच खरं असतं. अशा वेळी खोलीतल्या माणसाने चहा आणायला जावं आणि सावकाश परत यावं.

कलम ८. हाडे

आम्ही दोघंही पास होऊन सेकंड इयरला गेलो आहोत, तो अपेक्षेप्रमाणे पहिला. सामाईक वापराचा हाफ सेट पुढच्या बॅचला द्यायचा आहे. क्लॅव्हिकलवर उजवं-डावं पेन्सिलीने लिहिलेलं आहे. खोडू नये, पण व्हायवाला नेऊही नये. कार्पल हाडांतलं पिसिफॉर्म नाही, मुळात ते वाटाण्याएवढंच असतं, त्यामुळे कुरकुर ऐकून घेतली जाणार नाही. इच्छुकांनी संध्याकाळी सातनंतर रूमवर यावे. पहाटे चारला आलात तरी चालेल, दोघंही जागेच असतो.