मागच्या रांगेतला फिटर

आयटीआयच्या यशाची बातमी पेपरात आली की आधी फोटो बघावा. मधोमध आमदार, त्यांच्या एका हाताला प्राचार्य, दुसऱ्या हाताला समितीचे अध्यक्ष, कडेला अंग चोरून उभे राहिलेले दोन माजी नगरसेवक. ज्याचा सत्कार, तो मागच्या रांगेत. कपाळ तेवढं दिसतं, बाकीचा चेहरा अध्यक्षांच्या फेट्यामागे. फोटोखाली ‘डावीकडून’ म्हणून सात नावं आणि शेवटी ‘आदी मान्यवर व विद्यार्थी’. बातमीत हा विद्यार्थी घवघवीत यश संपादन करतो, संस्थेच्या शिरपेचात मानाचा तुरा खोवतो आणि श्रेय आईवडील व गुरुजनांना देतो. त्यानं बनवलं काय, ते विचारू नये. बातमीदारानंही विचारलेलं नसतं.

दहावीला 98 टक्के मिळवणाऱ्या मुलीची आपल्याला इत्थंभूत माहिती असते. ती पहाटे किती वाजता उठायची, मोबाइल कोणत्या कपाटात कुलूपबंद होता, मामा कुठल्या बँकेत आहे, पुढे जेईई की नीट. चौकात तिचा फ्लेक्स लागतो आणि फ्लेक्सवर तिच्याहून मोठा फोटो शुभेच्छुकांचा. त्याच गल्लीत टर्नर ट्रेडला पहिला आलेला पोरगा राहतो. त्याचा फ्लेक्स नसतो. फार तर तिच्या फ्लेक्सची लोखंडी चौकट त्याच्याच वेल्डर मित्रानं जोडलेली असते.

आता फिटर दोन वर्षं करतो काय, ते बघू. एक जॉब घ्या, डोव्हटेलचा. एमएस फ्लॅटचे, म्हणजे मऊ पोलादाच्या पट्टीचे, दोन तुकडे. एकाला कबुतराच्या शेपटीसारखी बाहेर रुंदावणारी जीभ काढायची, दुसऱ्यात तिच्याच मापाची खाच. पृष्ठभागावर मोरचुदाचं पाणी फिरवायचं, त्यावर स्क्रायबरनं रेघ मारायची, रेघेवर पंचाचे ठिपके. ओळीनं ड्रिल मारून नको तो भाग हॅक्सॉनं काढायचा. मग कानस. आधी बास्टर्ड (घाबरू नका, फायलीचं अधिकृत नाव तेच आहे आणि शिल्प निदेशक ते वर्गात बिनदिक्कत उच्चारतात), मग सेकंड कट, मग स्मूथ. दोन घासे मारले की जॉब व्हाइसमधून काढायचा, ट्राय स्क्वेअर लावायचा आणि उजेडाकडे धरायचा. फटीतून उजेड दिसला की परत व्हाइस. अभ्यासक्रमात मागितलेली अचूकता असते अधिक-उणे 0.04 मिलिमीटर. माणसाचा केस याहून जाड असतो. आणि कागदावरचं गणित चुकलं तर खोडता येतं. इथं एक घासा जास्त बसला की गेलेलं लोखंड परत येत नाही. शेवटी दोन्ही तुकडे एकमेकांत सरकवून बघतात. अंगठ्याच्या दाबानं सरकले पाहिजेत आणि हलताना खुळखुळता कामा नये. कोपऱ्यात नंबर पंचानं ठोकलेला रोल नंबर. पोराची सही तेवढीच.

हे कुठल्या बातमीत वाचलंत? वाचलं असेल तर कात्रण पाठवा, मी फ्रेम करून लावीन.

2024 साली आपण फ्रान्समधून एकाहून अधिक वेळा पदकं आणली. ऑगस्टमध्ये पॅरिस ऑलिंपिकला कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं नेमबाजीत कांस्य मिळवलं आणि महाराष्ट्रानं त्याला डोक्यावर घेतलं. घ्यायलाच हवं होतं. पुढच्याच महिन्यात त्याच देशात, लिऑनला, वर्ल्डस्किल्स झालं. वेल्डिंगपासून केशरचनेपर्यंत 59 कौशल्यांची जागतिक स्पर्धा. आपली साठ जणांची तुकडी 52 प्रकारांत उतरली आणि चार कांस्यं, बारा प्रावीण्य पदकं घेऊन परतली. कांस्यं होती पेस्ट्री-मिठाईत, हॉटेल रिसेप्शनमध्ये, अक्षय ऊर्जेत आणि इंडस्ट्री 4.0 मध्ये. त्या चौघापाचांपैकी एकाचं नाव सांगा. गूगल न करता.

थांबा, यापुढचा योगायोग बघा. लिऑनचा समारोप झाला 15 सप्टेंबर 2024 ला. त्याच दिवशी मुंबईच्या एल्फिन्स्टन टेक्निकल हायस्कूलमध्ये तेव्हाचे उपराष्ट्रपती जगदीप धनखड आले होते. तिथल्या संविधान मंदिराचं उद्घाटन त्यांच्या हस्ते झालं आणि तिथूनच राज्यातल्या 434 आयटीआयमधल्या संविधान मंदिरांचंही. संविधान पोरांनी वाचावंच, विशेषतः समान संधीची कलमं. पण त्या दिवशी एका तांत्रिक शाळेच्या आवारात अख्खा मीडिया हजर होता आणि मथळा गेला आरक्षणावरून रंगलेल्या राजकारणाला. तिकडे लिऑनला पदकं गळ्यात पडत होती. इकडे कॅमेरे तांत्रिक शाळेतच होते, फक्त पाठ यंत्रांकडे करून.

त्याआधीचं, 2019 चं कझान आठवतं? नसेलच आठवत. वर्ल्डस्किल्समधलं भारताचं पहिलं सुवर्ण तिथं आलं. एस. अश्वथ नारायण या तरुणानं जल तंत्रज्ञानात मिळवलं, म्हणजे पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणा चालवण्याच्या कामात. ज्या राज्यात दर उन्हाळ्यात टँकर हा मुख्य बातमीचा विषय असतो, तिथं ही बातमी आतल्या पानावर मावायला हरकत नव्हती. ग्राफिक डिझाइनमध्ये कांस्य मिळवणारी श्वेता रतनपुरा तर महाराष्ट्राची. तिच्या नावाचा फ्लेक्स कुणी लावला असता तर निदान तो नीट डिझाइन केलेला हवा, एवढं दडपण तरी आपल्या फ्लेक्सवाल्यांवर आलं असतं.

दक्षिण कोरियात साठ-सत्तरच्या दशकांत या स्पर्धेच्या पदकविजेत्यांची उघड्या गाड्यांतून मिरवणूक निघायची. टर्नरची मिरवणूक! आपल्याकडे मिरवणुकीची हौस कमी आहे असं कुणी म्हणणार नाही.

सरकारचंही कौतुक करू, म्हणजे समतोल राहील. राज्यातल्या आयटीआयच्या पात्र विद्यार्थ्यांना विद्यावेतन मिळतं. ते महिन्याला 40 रुपये होतं. दिवसाचे सव्वा रुपयाहून थोडे जास्त. हा आकडा कितीक सरकारं आली-गेली तरी चार दशकं जागचा हलला नाही. 0.04 च्या अचूकतेचं शिक्षण देणाऱ्या खात्यानं इतकी स्थिरता दाखवली, हेही कौशल्यच. 2023 मध्ये ते 500 झालं. बातमीत ‘विद्यावेतन साडेबारा पट’ असं छापता आलं असतं आणि ते खरंही ठरलं असतं.

दीक्षान्त सोहळ्याचंही तसंच. आयटीआय ज्या योजनेखाली चालतात, ती कारागीर प्रशिक्षण योजना 1950 ची. आयटीआयच्या पोरांना देशपातळीवर पहिला दीक्षान्त सोहळा मिळाला 17 सप्टेंबर 2022 ला, विश्वकर्मा जयंतीचा मुहूर्त साधून. बहात्तर वर्षं पोरं प्रमाणपत्र खिडकीतून घेत होती. आता मंचावरून घेतात. ही सुधारणा आहे, यात शंका नाही. मंचावर किती खुर्च्या विद्यार्थ्यांसाठी असतात, ते मात्र पुढच्या सोहळ्यात मोजून घ्या.

2024 मध्ये आयटीआयना थोरामोठ्यांची नावं द्यायची मोहीम निघाली. राज्याच्या कौशल्य विद्यापीठाला रतन टाटांचं नाव मिळालं. नावाबद्दल तक्रार नाही. टाटांच्या नावाचा कारखान्याशी संबंध तरी आहे. तक्रार एवढीच की पाटी बदलली की बातमी होते आणि लेथ बदलला की होत नाही. कुठल्या शाखेत नवं सीएनसी यंत्र आलं, कुठं निदेशकाची जागा भरली, कुठल्या बॅचच्या किती पोरांना अप्रेंटिसशिप लागली आणि त्यातली किती जण कायम झाली, ही खरी बातमी. पण तिच्यात फीत कापायला जागा नाही.

राहिली सहानुभूतीवाली बातमी. वडील हमाल, आई धुणीभांडी करते, घर पत्र्याचं, ‘परिस्थितीवर मात’. वाचणाऱ्याचे डोळे पाणावतात आणि पान उलटतं. परिस्थिती खरी असते, नाकारायचं कारण नाही. पण इंजिनिअरिंगला गेलेल्या पोराच्या बातमीत त्याचा क्रमांक येतो, त्याला मिळालेलं पॅकेज येतं. आयटीआयच्या पोराच्या बातमीत त्याच्या घराचा पत्रा येतो. त्यानं वेल्ड केलेला जोड एक्स-रे तपासणीत पास झाला, हे त्याच्या वडिलांच्या हमालीइतकंच छापण्याजोगं आहे. आणि मुलगी फिटर झाली की ‘मुलींनीही मारली बाजी’. ही बाजी त्या इतकी वर्षं मारताहेत की मथळा तरी आता रिटायर करावा.

वाचकांपैकी जे सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘कुणाकडे चांगला प्लंबर आहे का, अर्जंट’ असं लिहितात आणि दुसऱ्या दिवशी पोराला ‘अभ्यास कर, नाहीतर आयटीआयला टाकीन’ म्हणतात, त्यांच्यासाठी वेगळा परिच्छेद लिहिणार होतो. त्यांना बातमीची गरज नाही, पाणी अंगावर आलं की कळतं.

तेव्हा प्राचार्य, पीआरओ आणि बातमीदार मंडळींना विनंती. पुढच्या सत्काराच्या वेळी शाल-श्रीफळ खुशाल द्या, पण फोटो कार्यशाळेत काढा. पोराला व्हाइसपाशी उभं करा, जॉब त्याच्या हातात द्या. फोटोखाली जॉबचं नाव, लागलेले तास आणि साधलेलं माप छापा. मान्यवरांची नावं ‘आदी’मध्ये घाला, त्यांना सवय नाही, पण होईल. वर्ल्डस्किल्सची 48वी स्पर्धा शांघायची आहे, सप्टेंबर 2026 ची. तिथले परीक्षक फोटोत कोण कोण उभं होतं ते बघत नाहीत, मायक्रोमीटर लावतात.