घडीवाले भाऊ

भातकुलीत कोणाच्याही घरची तेरवी असू द्या, पंगती उठायला लागल्या की पांढऱ्या सदऱ्यातले एक गृहस्थ थोरल्या मुलाजवळ सरकतात. "लय चांगला मानूस गेला," एवढं म्हणून ते रीतसर उसासा टाकतात आणि आवाज आणखी खाली आणून विचारतात, "आबाजीपाशी साखळीची घडी होती नं?"

हे आमचे घडीवाले भाऊ. खरं नाव सातबाऱ्यावर असेल. शाळेतून निवृत्त झाल्यावर इतर मास्तर वावराकडे वळले, हे जुन्या खिशातल्या घड्याळांकडे वळले. स्वतःपाशी थोडीफार आहेत. पण खरा नाद ओळखण्याचा. वाड्यावाड्यांतून ट्रंका उघडायला लावायच्या, धोतराच्या घडीतून निघालेलं घड्याळ हातात घ्यायचं आणि घराण्याला त्याचा खरा इतिहास ऐकवायचा. हा खरा इतिहास कुठल्याच घराण्याला नको असतो, ही भाऊंची शोकांतिका.

कारण वऱ्हाडात प्रत्येक साखळीची घडी गोऱ्या साहेबानंच दिलेली असते. कुठं कलेक्टरनं, कुठं रेल्वेच्या इंजिनीअरनं. भाऊ अंगठ्याच्या नखानं मागचं झाकण उघडतात (सुरी दिसली तर रागावतात), डोळ्याला भिंग लावतात आणि निकाल देतात: "वेस्ट एंड वॉच कंपनी. 1886 पासून मुंबई-कलकत्त्याले दुकानं होती. माल स्वित्झर्लंडचा. साहेबानं नाई देल्ली. तुमच्या आबाजीनं कापसाचा चुकारा आला तवा घेतली." स्वतःच्या कापसावर घेतलेली घडी साहेबाच्या बक्षिसापेक्षा जास्त मानाची, असं मला वाटतं. पण घरात त्यानंतर चहा येत नाही.

एका वाड्यावर मी स्वतः हजर होतो. चांदीच्या झाकणाच्या आत 0.935 हा आकडा आणि बारीक ठसे. भाऊ म्हणाले, "अस्वलं हायेत. तीन." म्हातारी आजी ताडकन उठून बसली. "हायेतच! आमच्या मामंजीनं मेळघाटात अस्वल मारलं होतं!" आता स्विस सरकारी तपासनिसांनी चांदीचा कस पाहून अस्वलाचा शिक्का मारायचा, हे तिला सांगणार कोण? भाऊंनी सांगितलं. मामंजींच्या वाट्याचं एक सोडा, तिन्ही अस्वलं गेली.

तीच गत पदकांची. आतल्या झाकणावर 1900 सालच्या पॅरिस प्रदर्शनाचं बक्षीस कोरलेलं असलं की पणजोबा पॅरिसला जाऊन आले, असं नातवंडं छातीठोक सांगतात. ते बक्षीस झेनिथला किंवा ओमेगाला मिळालेलं. पणजोबा बडनेऱ्याच्या पुढे गेले असले तर पंढरपूरला. आणि 'पंधरा रुबी' हे शब्द वाचले की जावई लगेच वाटणीचा विषय काढतात. ते माणिक म्हणजे चाकांच्या टोकाखाली घर्षण कमी करायला बसवलेले मोहरीहून बारीक खडे. विसाव्या शतकातले तर बहुतेक कारखान्यात तयार केलेले. "पंधराही इकले तरी कट चहा येनार नाई," असं भाऊ म्हणतात, तेव्हा जावयाचं तोंड पाहण्यासारखं असतं.

त्यांचे नियम कडक. वॉल्थम, एल्जिन या अमेरिकन घड्याळांचं साल केसवरच्या आकड्यावरून काढणाऱ्याला ते दारात उभं करत नाहीत. तिकडं मशीन एक कारखाना करायचा, केस दुसरा, आणि दुकानदार लग्न लावून द्यायचा. म्हणून नंबर मशीनवरचाच धरायचा. झाकणाच्या आत जुन्या घड्याळजींनी सुईनं ओढलेले ओरखडे मात्र ते जन्मपत्रिकेसारखे वाचतात: कितीदा दुरुस्ती झाली, कोणी नीट केली, कोणी सत्यानाश केला. एका पुतण्यानं मोबाइलवरून मागवलेली, इंजिन कोरलेली पितळी 'अँटिक' घडी आणली, तेव्हा ते काहीच बोलले नाहीत. नुसतं वास घेऊन परत दिली.

या नादाचा परिणाम बोलण्यावर झाला आहे. रॉस्कॉफ नावाच्या माणसानं मजुराला परवडेल असं वीस फ्रँकचं घड्याळ काढलं आणि 1867 च्या पॅरिस प्रदर्शनात मांडलं. त्याच वर्षी जी.आय.पी. रेल्वे नागपूरला पोचली. हा योगायोग भाऊ लग्नात, मयतीत, ग्रामसभेतही सांगतात. आणि माणसंही तशीच मोजतात. सुटाबुटातल्या उमेदवाराकडे पाहून परवा म्हणाले, "केस चांदीची हाय, आतून रॉस्कॉफ." भोवतालची मंडळी हसली, समजलं कोणालाच नाही. मला विचाराल तर रॉस्कॉफवर हा अन्याय आहे. ते घड्याळ स्वस्त होतं, तरी चालत होतं.

काकूंना या सगळ्याचं कौतुक नाही. "मेलेल्या मानसाईच्या घड्या जमा करते," एवढंच त्या म्हणतात, आणि पाहुण्यांसमोर म्हणतात. भाऊ ऐकत नाहीत. त्यांच्या कानाशी त्या वेळी कोणतं तरी मशीन टिकटिकत असतं.

तुमच्या घरी अशी घडी असेल तर मागचं झाकण सुरीनं उचकटू नका, चांदी चमकवायला राखेनं घासू नका, आणि बंद पडली असेल तर जोर लावून चावी देऊ नका. आतलं तेल सुकलेलं असतं. मशीनवरचं नाव आणि नंबर टिपून ठेवा. भाऊंना दाखवायचीच असेल तर आजी झोपल्यावर दाखवा.