धाकटा आणि पोलंड

"काकू, रागावणार नसाल तर एक विचारते. तुमचा धाकटा तिकडे पिट्सबर्गला रोज चर्चमध्ये जाऊन बसतो म्हणे?"

"कोण म्हणतं असं?"

"कोण कशाला म्हणायला हवं! स्टेटसला फोटो आहे की. दगडी कमानी, टोकदार खिडक्या..."

"अगं, युनिव्हर्सिटी आहे ती! नाव कॅथेड्रल ऑफ लर्निंग, पण आत देव नाही, वर्गच वर्ग. ४२ मजले, ५३५ फूट. आपला राजाबाई टॉवर २८० फूट, म्हणजे घे, दोनाला थोडं कमी."

"एवढं उंच कशाला? जागा नव्हती गावात?"

"बोमन नावाचे कुलगुरू होते, त्यांची हौस. १९२६ला काम काढलं, मध्ये मंदी आली, १९३७ला कुठे उद्घाटन झालं. वर्गणी तर शाळेतल्या पोरांकडूनही घेतली. दहा-दहा सेंट. ९७,००० पोरांनी दिले, प्रत्येकाला सर्टिफिकेट!"

"पावती मिळाली म्हणायची. आपल्या मंडळाला सांगा जरा."

"सांगून बघ तूच!"

"मग हा अगदी वरच्या मजल्यावर शिकतो?"

"कसला वर! लिफ्टला ही रांग. पोरं सगळी तळमजल्यावरच्या कॉमन्स रूममध्ये. छत चार मजले उंच, खाली टेबलं. कोणी वाचतंय, कोणी वहीवर डोकं टेकून घोरतंय. मी फोनवर 'जेवलास का' म्हणून ओरडते, तर हा आपला कुजबुजतो. वर राहतात ससाणे. घरटंय त्यांचं. कॅमेरा लावलाय तिथे, आमचे हे सकाळपासून तेच बघत बसतात. चहा गार होतो."

"काय बाई एकेक!"

"आणि ३१ वर्ग निरनिराळ्या देशांचे. तिथे जाऊन राहिलेल्या त्या त्या लोकांनी पैसे जमवून सजवलेले. भारताचा २००० साली झाला, नालंदासारखा, विटांचा."

"अय्या! म्हणजे धाकटा नालंदात!"

"छे गं, तो पोलंडमध्ये. छत राजवाड्यासारखं रंगवलेलं, भिंतीवर कोपर्निकसचं हे मोठं चित्र. तिथे पोलिश शिकतोय."

"मेकॅनिकलला पोलिश लागतं?"

"नाही लागत."

"मग?"

"अगं, तेच मी ह्यांना विचारलं. तर म्हणाले, थांब, पिल्लू अंड्यातून बाहेर येतंय."