उंची टाकीची, रुंदी ले-आऊटची

मुंबईला नरिमन पॉइंट आहे, दुबईला बुर्ज खलिफा आहे, यवतमाळला पाण्याच्या टाक्या आहेत. धामणगाव रोडनं या की आर्णी रोडनं, शहर आल्याची पहिली खूण तीच. खांबांवर उभी थोराड टाकी, बाजूला मोबाइलचा टॉवर आणि खाली गच्चीगच्चीवर काळ्या प्लास्टिकच्या टाक्या. परक्या माणसाला वाटावं, काय पाणीदार गाव आहे! २०१८च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह या धरणांनी तळ गाठला, शहर टँकरमागे धावलं. टाक्यांची उंची मात्र इंचभरही घटली नाही.

उंचीत आपण मुंबईला हरणारच. म्हणून रुंदीचा मार्ग धरला. लोहारा, वाघापूर, वडगाव, उमरसरा या भोवतालच्या ग्रामपंचायती नगर परिषदेत विलीन झाल्या. ग्रामपंचायतीत झोपलेला माणूस शहरात जागा झाला. गोठा होता तिथंच, उकिरडा होता तिथंच, नाली नव्हती ती अजूनही नव्हतीच. शहरीकरणाची सुरुवात टॅक्सच्या पावतीपासून झाली.

त्याच्याही पलीकडे ले-आऊट. काल तूर उभी होती, आज मुरूम पडला, सिमेंटचे खुंट रोवले गेले. घर एकही नाही, पण कमान आधी. कमानीवर दोन सिंह, त्यातल्या एकाची शेपटी उद्घाटनाआधीच तुटलेली. खाली खुर्ची टाकून बसलेला एजंट गिऱ्हाइकाला सांगतो, "भाऊ, आता वावर दिसून रायलं, दोन वर्षांत पाहा काय होते! बसस्टँड इथून पाच मिनिटं." खरं आहे. रात्री दोनला, उतारावरून, ब्रेक नसलेल्या गाडीनं पाचच मिनिटं लागतात.

"आन् रेल्वे येऊन रायली न भाऊ!" हेही खरं. शकुंतला ही जुनी नॅरोगेज गाडी थांबली, आता ब्रॉडगेज येणार. फेब्रुवारी २०२४ मध्ये वर्ध्याहून गाडी कळंबपर्यंत आलीसुद्धा. प्लॉटचे भाव मात्र तिच्या कितीतरी आधी यवतमाळला पोहोचले, तेही विनातिकीट.

आता बाहेरची नजर. मुंबई-दिल्लीचा कॅमेरा यवतमाळात येतो तो भेगाळलेलं शेत आणि वाळलेली पऱ्हाटी शोधत. शहराकडे पाठ करून तो फोटो काढतो आणि म्हणतो, हे यवतमाळ. एजंटचा फोटोग्राफर त्याच धुऱ्यावर उभा राहतो, शेताकडे पाठ करतो, कमान घेतो आणि म्हणतो, हे उद्याचं यवतमाळ. एकाला इथं शहर असलेलं चालत नाही, दुसऱ्याला शेत.

राजेहो, दोन्ही फोटो खरेच आहेत. फक्त या दोन फोटोंच्या मधोमध राहणारी माणसं कुठल्याच फोटोत सापडत नाहीत. नळ कोणत्या दिवशी येणार, याची चौकशी करायला ती शेजारी गेलेली असतात.