गंमतकाका

प्रत्येक मराठी कुटुंबात एक आत्या असते, जिला सगळ्यांच्या पत्रिका पाठ असतात. एक मामा असतो, ज्याची प्रत्येक कचेरीत ओळख असते. आणि एक काका असतो, जो बारसं, मुंज, लग्न, साठीशांत यांपैकी कुठल्याही प्रसंगाला सेलवर चालणारी वस्तू घेऊन येतो. पहिल्या दोघांना घरात मान असतो. तिसऱ्याला फक्त मुलांचा पाठिंबा असतो, आणि मुलांना घरात मत नसतं. या तिसऱ्याला आपण गंमतकाका म्हणू.

आहेराच्या बाबतीत आपला समाज तसा शिस्तीचा. लेमन सेट, भिंतीवरचं घड्याळ, नाहीतर पाकिटात ५०१ रुपये. यातल्या वस्तू वापरायच्या नसतातच, त्या पुढे सरकवायच्या असतात. सांगलीहून निघालेला लेमन सेट ठाणे, डोंबिवली, नाशिक अशी यात्रा करून मूळ मालकाच्याच मुलीच्या लग्नात हजर होतो, तेव्हाही खोक्याची चिकटपट्टी शाबूत असते. या चोख व्यवस्थेला गंमतकाका सुरुंग लावतात. हातात दिलेली वस्तू पाहुण्यांसमोर उघडायची नाही, हा संकेत त्यांना मान्य नाही. "अगं, उघड की! बघ तरी काय आहे!" म्हणत ते स्वतःच कागद टराटरा फाडतात. फाटलेल्या खोक्यातली, एकदा चालवून बघितलेली वस्तू पुढे सरकवणार कशी?

काकांची खरेदीची रीतही उलटी. कुणाचा वाढदिवस आहे म्हणून ते वस्तू घेत नाहीत. आधी वस्तू घेतात, मग वाढदिवस शोधतात. पूर्वी यासाठी मनीष मार्केट, लॅमिंग्टन रोड आणि शुक्रवारचा चोरबाजार पालथा घालावा लागे. पुण्याला गेले की तुळशीबागेत काकू साड्यांच्या फॉलसाठी शिरत आणि काका खेळण्यांच्या दुकानात हरवत. आता सगळा बाजार फोनमध्ये आला आहे. रात्री अकराला अंथरुणावर पडल्या पडल्या ते एखादा नाचणारा निवडुंग मागवतात आणि झोपण्यापूर्वी काकूंना विचारतात, "तुझ्या भाचीचा तिथीने कधी असतो गं?"

नुसती वस्तू देऊन काका थांबत नाहीत. तिच्यामागे शास्त्र असतं आणि ते ऐकल्याशिवाय जेवायला वाढलं जात नाही. दादरला थोरल्या भावाच्या नव्या घराची वास्तुशांत होती. काकांनी आणला होता काचेचा पाणी पिणारा पक्षी. त्याचं कापडी डोकं एकदा ओलं केलं आणि समोर पाण्याचा पेला ठेवला, की तो आपोआप वाकून चोच बुडवतो, सरळ होतो, परत वाकतो. डायनिंग टेबलावरच्या जिलब्या बाजूला सारून काकांनी पक्षी मांडला आणि सुरुवात केली. "बेल लॅबमधल्या माइल्स सलिव्हन यांनी १९४६ साली याचं पेटंट मिळवलं. डोक्यावरचं पाणी उडून जातं, डोकं गार होतं, आतली वाफ आकसते, खालचं द्रव नळीतून वर चढतं आणि पक्षी वाकतो. ना सेल, ना किल्ली!" सगळे वाकून बघू लागले. पक्षी मात्र वाकेना. काकांनी त्याला बोटाने ढकललं. त्याने एक घोट घेतला आणि पुन्हा ताठ उभा राहिला. बाहेर जुलैचा पाऊस कोसळत होता. शेवटी वहिनीच म्हणाल्या, "भावजी, आमचे टॉवेल दोन-दोन दिवस वाळत नाहीत. तुमच्या पक्ष्याचं डोकं कसं वाळणार?"

शास्त्र वहिनींच्या बाजूने होतं. हवा दमट असली की बाष्पीभवन मंदावतं आणि पक्ष्याचं पिणंही. तोच पक्षी मे महिन्यात नागपूरच्या मेहुण्याकडे गेला असता तर त्याने पेला रिकामा करून दुसरा मागितला असता. काकांनी हार मानली नाही. "डिसेंबरात बघा," एवढं बोलून ते पंगतीला बसले.

लाव्हा लॅम्पच्या वेळी तर पंगतच खोळंबली. १९६३ साली एडवर्ड क्रेव्हन वॉकर या इंग्रजाने बाजारात आणलेला तो दिवा, आतलं रंगीत मेण तापून वर-खाली तरंगू लागलं की खरोखर बघण्यासारखा दिसतो. पण ते मेण तापायला तासाच्या वर वेळ लागतो, हे काकांनी भात वाढल्यावर सांगितलं. त्यात "ट्यूब बंद करा, म्हणजे मजा येईल" असा आग्रह. त्या रात्री बऱ्याच जणांनी अंधारात चटणी समजून लोणचं घेतलं.

खेळाच्या सामानात काका विशेष रमतात. स्वतः शाळेत असताना ते बारावे गडी होते, त्यामुळे खेळाडूपेक्षा खेळाच्या साधनावर त्यांचा विश्वास जास्त. मॅथ्यू हेडनने २०१० च्या आयपीएलमध्ये चेन्नईकडून लांब दांड्याची आणि आखूड पात्याची मोंगूस बॅट घेऊन दिल्लीविरुद्ध ४३ चेंडूंत ९३ धावा कुटल्या, तेव्हा काकांना आपला धर्म सापडला. तसल्याच आकाराची बॅट त्यांनी पुतण्याच्या मुंजीत बटूच्या भिक्षावळीत घातली. त्या पात्याने चेंडू अडवणं कठीण, फटका मारणं सोपं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये नेमकं याच्या उलट हवं असतं. तळमजल्यावरची काच फुटल्यावर सेक्रेटरी तावातावाने वर आले, तर काकांनी त्यांना बसवून डेनिस लिलीची गोष्ट ऐकवली. डिसेंबर १९७९, पर्थ, समोर इंग्लंड. लिली ॲल्युमिनियमची बॅट घेऊन उतरला. चेंडू खराब होतो म्हणून इंग्लंडचा कर्णधार ब्रिअर्ली याने तक्रार केली, तेव्हा लिलीने ती बॅट रागाने भिरकावली, आणि पुढे नियमच आला की पातं लाकडाचंच हवं. "नव्या वस्तूला जग असंच छळतं," काका म्हणाले. काचेचे पैसे काकूंनी दिले.

डास मारायची रॅकेटही काकांच्या लेखी खेळाचंच सामान. आपण तिच्याकडे डेंग्यूच्या नजरेने बघतो, काका विम्बल्डनच्या. डाव्या हाताच्या बाजूने डास आला तर ते पाय बदलून एकहाती बॅकहँडच मारणार, मग डास निसटला तरी चालेल. घरात खेळायचा गोल्फ सेट त्यांनी आजोबांच्या पंचाहत्तरीला दिला. चेंडू पहिल्याच टोल्याला दिवाणाखाली गेला. तो काढायला आजोबांची काठी लागली. मग आजोबांच्या ध्यानात आलं की काठीने नेम जास्त चांगला लागतो. तेव्हापासून गोल्फची काठी गच्चीवर पापड राखायला असते.

ऑफिसमध्येही काकांचा लौकिक आहे. सेवानिवृत्त होणाऱ्याला शाल, श्रीफळ आणि गणपतीची मूर्ती द्यायची रीत. हेडक्लार्क निवृत्त झाले तेव्हा काकांनी दिला रुबिक क्यूब. "साहेब, आता वेळच वेळ आहे. बुडापेस्टच्या एर्नो रुबिक यांनी १९७४ साली तो बनवला, पण तो सोडवायला त्यांना स्वतःलाही महिनाभर लागला. ४३ वर १८ शून्यं एवढ्या याच्या रचना होतात!" आठवड्यातच हेडक्लार्क सहाही बाजू एकरंगी झालेला ठोकळा घेऊन पेन्शनच्या कामाला आले. काकांचे डोळे भरून आले. नंतर शिपायाने सांगितलं की साहेबांनी रंगीत कागद सोलून परत चिकटवले होते. हिशेब जुळत नसेल तर जुळवायचा कसा, हे त्यांना खात्याने शिकवलं होतं.

काकांची एकच भेट मुलांना आवडत नाही: संग्रहाची. १९६८ पासून निघत असलेल्या हॉट व्हील्सच्या छोट्या गाड्यांतली एखादी दुर्मीळ गाडी ते सहा वर्षांच्या भाचरालाही आणून देतात, पण अट घालून.

"पाकीट फोडायचं नाही हं."

"मग खेळू कसा?"

"खेळायचं नाही, जपायचं. वीस वर्षांनी किंमत बघ."

सहा वर्षांच्या मुलाला वीस वर्षं सांगणं म्हणजे कोर्टाची तारीख देणं. पोराने काकांची पाठ वळताच पाकीट फोडलं आणि गाडी भिंतीवर चढवली. काका आधी हळहळले, मग चष्मा पुसून त्याच्या शेजारी फरशीवर बसले आणि "वळणावर अशी नाही घ्यायची" म्हणून शिकवू लागले. त्यांच्या कपाटात डब्ल्यूडब्ल्यूएफची ट्रम्प कार्डं आणि बिग फन बबलगममधली क्रिकेटची चित्रं अजून रबरबँड लावून ठेवलेली आहेत. त्यांची किंमत काही वाढली नाही. वाढली असती तरी काकांनी ती विकली नसती.

या सगळ्यात काकूंची भूमिका मोलाची. काका इकडे प्रात्यक्षिक दाखवत असताना त्या यजमानीणबाईंना स्वयंपाकघरात गाठतात आणि पदराआडून रुपयाचं नाणं चिकटवलेलं पाकीट हळूच हातात ठेवतात. "हे खरं. ते त्यांचं आपलं असंच." म्हणजे घराची पत सांभाळतात काकू, आणि गमतीचं खातं एकट्या काकांचं.

तरीही निकाल द्यायचाच तर मी काकांच्या बाजूने देईन. लेमन सेट देणारा माणूस वस्तू टेबलावर ठेवतो, नाव लिहिलंय ना बघतो आणि बुफेच्या रांगेत उभा राहतो. काका वस्तूबरोबर स्वतः दोन तास बसतात. सेल उलटे घातले तर सुलटे करतात, स्प्रिंग निसटली तर सोफ्याखालून शोधून आणतात, हरतात, चिडतात, "आता माझी पाळी" म्हणून मुलांशी भांडतात. त्यांनी दिलेल्या वस्तू दिवाळीपर्यंत मोडतात हे खरं. पण घरातल्या कुठल्याही मुलाला विचारा, लेमन सेट कुणी दिला होता ते त्याला सांगता येणार नाही. पक्षी कुणी दिला हे तो झोपेतही सांगेल.

तेव्हा एवढंच करा. ड्रॉवरमध्ये चार पेन्सिल सेल आणि एक बारीक स्क्रूड्रायव्हर कायम ठेवा. गंमतकाका आले की "कशाला एवढा खर्च केलात" असं म्हणू नका, त्यांना वाईट वाटतं. "चालवून दाखवा की" म्हणा. आणि पावसाळा असेल, तर पंखा लावायला विसरू नका.