आधी खेळलेला माणूस

रसिकाला गेम खेळायचा नसतो, इतरांच्या आधी खेळायचा असतो. हा बारकावा त्याच्या बायकोला इतक्या वर्षांच्या संसारात कळलेला नाही. "अरे, बारा दिवसांनी तोच गेम वीस युरोला घरबसल्या मिळणार आहे. पायजमा घालून खेळ की," असं तिने आदल्या रात्री सांगून पाहिलं. हिशेब तिचा चोख होता. 'हॉलो नाइट: सिल्कसाँग' ४ सप्टेंबर २०२५ ला येणार, हे २१ ऑगस्टला कोलोनचं गेम्सकॉम हे गेमांचं प्रदर्शन सुरू असतानाच जाहीर झालं होतं आणि रसिकाचं तिकीट २३ तारखेच्या शनिवारचं होतं. पण ज्या गेमची जगाने २०१९ पासून वाट पाहिली, तो तिथे बारा दिवस आधी खेळलेल्या माणसाचा रुबाब पायजम्यातल्या माणसाला काय कळणार!

रसिक मूळचा पुण्याचा. हल्ली ड्युसेलडॉर्फला एका विमा कंपनीचं सॉफ्टवेअर सांभाळतो. वय बेचाळीस. त्याच्या आणि प्रस्तुत लेखकाच्या चष्म्याचा नंबर एकच आहे, हा योगायोग वाचकांनी पोटात घालावा.

अशा ठिकाणी जाताना टीशर्ट कोणता घालायचा यावर त्याने आठवडाभर खल केला होता. मारिओ छापलेला टीशर्ट बालवाडीतली पोरंही घालतात. दर्दी माणसाने असं काहीतरी घालावं की शंभरातल्या एकाने ओळखावं, जवळ यावं आणि नुसती मान हलवावी. म्हणून रसिकाने 'आउटर वाइल्ड्स'चा टीशर्ट घातला. दिवसभरात त्या एकाची गाठ पडली नाही. दुपारी सॉसेजच्या गाडीपाशी एका जर्मन आजोबांनी मात्र छातीवरच्या शेकोटीकडे बोट दाखवलं आणि ही तंबू बनवणारी कंपनी का, असं अगदी आस्थेने विचारलं. ते नातवाला घेऊन आले होते. नातवाने मारिओचा टीशर्ट घातला होता आणि त्याच्याशी अनोळखी माणसं थांबून थांबून बोलत होती.

दुसरा धक्का मनगटावर बसला. जर्मनीत गेमना वयाचे शिक्के देणारी यूएसके नावाची संस्था आहे. तिचे शून्य, सहा, बारा, सोळा आणि अठरा असे पाच गट असतात. अठराच्या गटातला गेम उघड्यावर दाखवता येत नाही, त्याला चारी बाजूंनी भिंती लागतात आणि आत जायला वय तपासून बांधलेली लाल पट्टी लागते. रसिक पासपोर्ट घेऊन सज्ज होता. खिडकीतल्या मुलीने तो उघडलासुद्धा नाही. तिने एकदा त्याच्या कानशिलांकडे पाहिलं आणि पट्टी बांधून टाकली. त्याच्या पुढच्या दाढीवाल्या पोराचं ओळखपत्र तिने उलटसुलट करून तपासलं होतं.

गर्दीचं वर्णन करत नाही. त्या वर्षी पाच दिवसांत ३,५७,००० माणसं आली, एवढं सांगितलं की पुरे. लॉस एंजेलिसचं ई-थ्री हे असंच प्रदर्शन २०२३ च्या डिसेंबरात कायमचं मिटलं. आता ज्याला 'मी आधी खेळलो' म्हणायचं आहे, त्याला ऑगस्टात ऱ्हाईनच्या काठी यावंच लागतं.

रांगेचं वर्णन मात्र सोडवत नाही. सराईत लोक तिथे मिळणारी पुठ्ठ्याची घडीची स्टुलं बगलेत मारून फिरतात, रांग थांबली की बसतात, सरकली की उठतात. रसिकाने स्टूल घेतलं नाही. स्टुलावर नवखे बसतात, अशी त्याची समजूत. तासाभरानंतर ती समजूत त्याच्या गुडघ्यांना पटेना, पण तोवर स्टुलं वाटणारा मुलगा निघून गेला होता. रांग एका बड्या कंपनीच्या भीतिदायक गेमची होती. नाव घेत नाही, कारण पुढे जे घडलं त्यात कंपनीचा काही दोष नव्हता. शेवटच्या टप्प्यात तुम्ही खेळणाऱ्याच्या थेट पाठीशी येता. तिथे गावाकडच्या लग्नातल्या पंगतीची कळा होती: जेवणाऱ्याच्या मागे उभं राहायचं, त्याच्या पानातल्या मठ्ठ्याकडे पाहायचं आणि हा आता ताकभात मागवतो की काय या काळजीने हैराण व्हायचं. पुढचा पोरगा एक दार उघडायला ताटकळला, तेव्हा मागच्या सगळ्यांनी मिळून सुस्कारा टाकला. रसिकाचा सुस्कारा सगळ्यांत मोठा होता.

अखेर त्याला खुर्ची मिळाली. वेळ वीस मिनिटं. कोपऱ्यात उलटं घड्याळ सुरू झालं.

रसिक कॅमेऱ्याचा उभा अक्ष उलटा ठेवून खेळतो, म्हणजे काठी खाली ओढली की नजर वर जाते. विमान उडवण्याच्या जुन्या गेमांमुळे लागलेली ही सवय तो खानदानी चालीरीतीसारखी जपतो. तेव्हा आधी सेटिंग्ज. मेनू जर्मन भाषेत होता. विम्याच्या जर्मनमध्ये 'अक्ष' हा शब्द फारसा येत नाही. मग उजेड नीट केला, सबटायटल्स मोठी केली, काठीची संवेदनशीलता दोन घरं खाली आणली, पुन्हा एक घर वर नेली. पहिलं पाऊल टाकलं तेव्हा सात मिनिटं उडाली होती. त्यानंतर तो एका भिंतीवरची ओल पाहत उभा राहिला. ओल खरोखरच सुंदर होती. पाण्याचा ओघळ कंदिलाच्या उजेडात हलत होता. तिथे उभ्या असलेल्या कंपनीच्या मुलाने खाली वाकून, फार अदबीने, "सोप्या पातळीवर करून देऊ का?" असं विचारलं. रसिकाने नकार दिला आणि पुढच्याच वळणावर मेला. मग पुन्हा मेला. बाहेर आल्यावर रांगेतल्या दोघांनी कसा आहे म्हणून विचारलं, तर "लढाईला वजन आहे, पण पहिल्या अंकाचा वेग जरा अडखळतो," असं तो शांतपणे म्हणाला. पहिल्या अंकातलं दुसरं दालन त्याने पाहिलेलं नव्हतं.

आता डेमो या विषयावर थोडं. खरं तर थोडं नाही. रसिक यावर बोलू लागला की त्याची बायको कपडे वाळत घालायला जाते.

रसिकाची सगळी जडणघडणच डेमोवर झाली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस कॉम्प्युटरच्या मासिकांबरोबर सीडी यायची. तिच्यात अँटिव्हायरस, स्क्रीनसेव्हर आणि चार-पाच गेमांचे डेमो. शर्यतीच्या गेमचा एकच रस्ता, फुटबॉलच्या गेमची काही मिनिटं, युद्धाच्या गेमची पहिली मोहीम. पूर्ण गेमची किंमत वडिलांना सांगण्याची सोय नव्हती. त्यामुळे रसिकाने आणि त्याच्या ताईने एकच रस्ता वर्षभर पळवला. त्यातलं प्रत्येक झाड त्यांना ठाऊक होतं. शर्यत संपली की 'पूर्ण गेम विकत घ्या' असा फलक यायचा आणि त्यावर बाकीच्या रस्त्यांची टिकलीएवढी चित्रं. त्या चित्रांवरून ताई बाकीचा गेम तोंडी रचून सांगायची: इथे बोगदा असणार, इथे बर्फ, इथे पूल तुटलेला असणार. पुढे नोकरी लागल्यावर रसिकाने तो पूर्ण गेम शोधून घेतला. पूल होता, पण शाबूत होता.

डेमोची ही कला जुनी आहे. इड सॉफ्टवेअरने १० डिसेंबर १९९३ ला 'डूम' सोडला तो तीन भागांतला पहिला अख्खा भाग फुकट देऊन: हवा तेवढा कॉपी करा, मित्रांना वाटा, आवडला तर पुढचे दोन विकत घ्या. विस्कॉन्सिन विद्यापीठाचा सर्व्हर त्या रात्री गर्दीने कोलमडला. पण या कलेचं शिखर, रसिकाच्या मते, कोलोनमध्येच गाठलं गेलं. १२ ऑगस्ट २०१४ ला सोनीच्या कार्यक्रमात 'पी.टी.' नावाचा एक लहानसा गेम जाहीर झाला आणि लगेच फुकट उतरवायला खुला झाला. स्टुडिओचं नाव कुणी ऐकलेलं नव्हतं. गेममध्ये एका घराचा काटकोनात वळणारा बोळ, शेवटी एक दार, आणि दार उघडलं की पुन्हा तोच बोळ, दर वेळी जरासा बिघडलेला. कोडं सुटायला आठवडा तरी जाईल असा कर्त्यांचा अंदाज होता. खेळाडूंनी ते काही तासांत सोडवलं आणि पडद्यावर नावं उमटली: हिदेओ कोजिमा, गिलेर्मो देल तोरो, 'सायलेंट हिल्स'. पुढच्या एप्रिलमध्ये ज्याचा हा डेमो होता तो 'सायलेंट हिल्स' रद्द झाला आणि डेमोही दुकानातून उतरवला गेला. ज्यांच्या पीएस-फोरवर तो आधीच उतरवलेला होता, त्यांनी ती यंत्रं लिलावाच्या साइटवर हजार डॉलरच्या वर भाव लावून मांडली. रसिकाच्या कपाटात तसं एक यंत्र आहे. तो ते सुरू करत नाही. पाहुण्यांना दाखवतो. पाहुणे "छान आहे" म्हणतात.

हल्ली डेमो सोपा राहिला नाही. 'सायबरपंक २०७७'चा ४८ मिनिटांचा व्हिडिओ २०१८ च्या ऑगस्टात रसिकाने श्वास रोखून पाहिला होता. गेम २०२० च्या डिसेंबरात आला आणि आठवडा उलटताच सोनीने तो आपल्या दुकानातून काढून घेतला. 'परफेक्ट डार्क'चं तर त्याहून वाईट: नव्या अवताराची घोषणा २०२० ची, जूनमध्ये दिसलेला देखणा व्हिडिओ २०२४ चा, आणि २०२५ च्या जुलैत मायक्रोसॉफ्टने हजारोंना कामावरून कमी केलं तेव्हा गेम रद्द आणि तो बनवणारा स्टुडिओही बंद. गेम्सकॉमचे दिवे त्यानंतर दीड-दोन महिन्यांनी लागले. दर पाच मिनिटांनी कुठल्या ना कुठल्या मंचावरून टीशर्ट फेकले जात होते आणि लोक ते झेलायला उड्या मारत होते. रसिकाने उडी मारली नाही, कारण गुडघे. त्याला अचानक राग आला. कशाचा, ते त्याला नीट सांगता येईना. मघाच्या त्या भिंतीवरच्या ओलीवर कुणीतरी वर्षं घालवली असणार आणि तो माणूस आज नोकरीत आहे की नाही, हे टीशर्ट झेलणाऱ्यांना आणि आपल्यालाही ठाऊक नाही, असं काहीसं ते होतं. ते लढाईच्या वजनाविषयी बोलून सांगता येण्यासारखं नव्हतं.

म्हणून तो दहाव्या हॉलच्या वरच्या मजल्यावर गेला. तिथे छोट्या, स्वतंत्र स्टुडिओंचे गेम असतात: एक टेबल, एक पडदा, दोन हेडफोन. आणि रिकाम्या खुर्च्या. टेबलामागची माणसं येणाऱ्याजाणाऱ्याकडे पाहायचं नाही असं ठरवून पाहत असतात. दीपगृहाच्या रखवालदारावरचा गेम घेऊन दोघी बसल्या होत्या. रसिक मोठेपणाने बसला. त्याला वाटलं आपण उपकार करतोय. तिसऱ्या मिनिटाला तो एका जिन्यापाशी अडला. मागे उभी असलेली मुलगी वहीत भराभर लिहू लागली. आपलं एखादं मार्मिक निरीक्षण टिपून घेतेय, या समजुतीने रसिकाने मत द्यायला सुरुवात केली. ती म्हणाली, "नाही नाही, तुम्ही बोलू नका, खेळा. तुम्ही कुठे अडता तेच मला बघायचंय." इतका उपयोगी तो दिवसभरात कुणालाच पडला नव्हता.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या अशाच छोट्या स्टुडिओने 'राजी' हा गेम काढला. २०१७ मध्ये लोकवर्गणीचा प्रयत्न फसला, तेव्हा संस्थापकांपैकी एकीने स्वतःचा फ्लॅट विकला. २०२० मध्ये गेम आला आणि द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गटात नामांकनापर्यंत पोचला. ड्युसेलडॉर्फच्या ऑफिसात रसिकाने 'आमच्या पुण्याचा गेम' म्हणून चार जणांना तो ऐकवला होता. स्वतः विकत घेताना मात्र सेलची वाट पाहिली होती. हे त्या दोघींना सांगण्याचं काही कारण नव्हतं. त्याने दीपगृहाचा गेम खरेदीच्या यादीत टाकला, वहीवाली हसली, आणि आणखी वेळ काढला तर सिल्कसाँगची रांग बंद होईल हे ध्यानात येऊन तो जिना उतरू लागला.

सिल्कसाँग त्याला मिळाला. तो किती वेळ मिळाला याबद्दल त्याची आवृत्ती दर वेळी थोडी वाढते. नायिका हॉर्नेट हवेतून खाली वार करते तो सरळ नसतो, तिरका असतो. पहिल्या भागात सरळ वाराची सवय झालेले सगळे जुने खेळाडू त्यामुळे काट्यांत पडतात. रसिक काट्यांत पडला, अनेकदा, आणि दर वेळी मागच्या मुलाकडे वळून "मुद्दाम बघतोय" म्हणाला.

मग बारा दिवस तो 'मी खेळलोय' म्हणत हिंडला. ऑफिसात म्हणाला, डॉक्टरांकडे गुडघे दाखवताना म्हणाला, सांगलीच्या भाच्याला तर व्हिडिओ कॉल करून म्हणाला. भाचा दहावीत. त्याने एवढंच विचारलं, "मामा, पण तू त्यात मेलास का?" रसिकाने नेटवर्क गेल्याचं सांगितलं. ४ सप्टेंबरला गेम आला, स्टीमसकट ऑनलाइन दुकानं गर्दीने तासन्‌तास अडखळली, आणि भाच्याने त्याच रात्री तो उतरवून घेतला.

खेळात सुरुवातीलाच मूरविंग नावाचं एक उडतं संकट आहे. लोकांनी इतकी ओरड केली की गेम बनवणाऱ्या टीम चेरीने पहिल्याच दुरुस्तीत ते किंचित सोपं केलं. भाच्याने त्याला दुरुस्तीच्या आधी लोळवलं होतं. दर रविवारी तो मामाला एक व्हॉइस मेसेज पाठवतो: उजवीकडून जा, घाई करू नकोस, तो खाली आला की मगच मार. रसिक तो जेवताना मोठ्याने लावतो, बायको ऐकते, आणि तो तिला सांगतो की हा प्राणी डेमोमध्ये नव्हता.