एक ‘ब’ जास्त

‘क्यूट’ला मराठीत काय म्हणायचं, असं विचारलं की उत्तर येतं ‘गोंडस’. उत्तर चूक नाही, पण तोकडं आहे. आपले शब्द चौकशी केल्याशिवाय कुणाच्या घरी जात नाहीत. ‘गुटगुटीत’ला आधी वजन लागतं, ‘गोजिरवाणं’ बाळ-वासरं सोडून फार लांब जात नाही, ‘लोभस’ची धाव हसऱ्या चेहऱ्यापर्यंत. ‘गोंडस’ तर सरकारदरबारी भलतीच चाकरी करतो: दरवाढीला ‘सुसूत्रीकरण’ म्हटलं की आपण म्हणतो, गोंडस नाव दिलं! क्यूटला असलं सोवळं नाही. मांजराचं पिल्लू क्यूट, लाटणं क्यूट, लग्नाचा मुलगाही क्यूट (म्हणजे त्याची उंची विचारू नये). इतक्या ठिकाणी खपणाऱ्या या शब्दाला मराठीत माझ्या मते एकच जोड आहे: ‘लब्बाड’.

ही नुसती कोटी नव्हे. क्यूटची जन्मपत्रिकाच तशी आहे. क्यूट हा ‘अक्यूट’चं डोकं उडवून उरलेला शब्द. लॅटिनमध्ये ‘आकूतुस’ म्हणजे टोकदार. त्याच घराण्यातला ‘आकुस’ म्हणजे सुई. नेथन बेलीच्या इंग्रजी शब्दकोशात १७३१ मध्ये क्यूट आला तो चलाख, तल्लख या अर्थाने. गोडवा त्याला चिकटला एकोणिसाव्या शतकात, अमेरिकेत. तरी टोक अजून शाबूत आहे. अमेरिकन साहेब हाताखालच्याला ‘क्यूट होऊ नकोस’ म्हणतो तेव्हा त्याला ‘जास्त शहाणपणा नको’ म्हणायचं असतं, आणि आयर्लंडमध्ये क्यूट पुढारी म्हणजे चांगलाच पोहोचलेला. आपल्या ‘लबाड’चा प्रवास नेमका हाच. सातबाऱ्यावरून भावाचं नाव उडवणारा लबाड. डोळे घट्ट मिटून झोपेचं सोंग घेणारं दीड वर्षाचं पोर लब्बाड. इंग्रजीला ज्या वळणासाठी शंभरेक वर्षं लागली, ते आजी एका जादा ‘ब’वर घेते.

पोराचं ठीक, पण पिल्लाने कसली लबाडी केली, असं कुणी विचारील. त्याचं उत्तर प्राणिवर्तनाचे अभ्यासक कोनराड लोरेन्झ यांनी १९४३ मध्येच देऊन ठेवलंय: मोठं डोकं, मोठे डोळे, फुगीर गाल दिसले की माणसाला त्या जिवाला सांभाळावंसं वाटतं. म्हणजे पिल्लू बसल्या जागी, बोटही न हलवता, आपल्या वाटीतलं दूध आपल्याच हातून काढून घेतं. १९२८ चा मिकी माउस डुकराच्या पिल्लांच्या शेपट्या ओढून संगीत काढत होता. पुढे तो सज्जन होत गेला, आणि जीवशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांनी मोजमाप घेतलं तेव्हा त्याचे डोळे डोक्याच्या २७ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेलेले निघाले. लबाडी गेली नाही; हातांतून डोळ्यांत गेली. राहिलं लाटणं. वीतभर लाटण्याने धड पोळी होत नाही, तरी ते पैसे मोजून घरात येतं. ती लबाडी दुकानदाराची आहे, एवढं मी कबूल करतो.

शेवटचा आक्षेप शुद्धिवाद्यांचा: नाती हल्ली आजोबांनाही क्यूट म्हणतात, हे अती झालं. ना गाल फुगीर, ना डोळे मोठे. पण विजेच्या बिलाचा विषय निघाला की ज्यांना कमी ऐकू येतं आणि दोन खोल्यांपलीकडे पेढ्याचा पुडा सुटला की स्वच्छ ऐकू येतं, ते आजोबा तर थेट बेलीच्या कोशातले.